बाईंच्या गाण्यातली ती जागा

शनिवारी सकाळी पार्सिपनीला आईच्या ड्राइव्हवेत टो ट्रक येऊन उभा राहिला. बाबांची जुनी गाडी डोनेट करायची होती. बाबा उन्हाळ्यात गेले... आणि त्यांच्या स्ट्रोकनंतर ती गाडी जागची हललीच नव्हती.

गाडी जाणार म्हणून मला वाईट वाटत होतं, पण आईचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. ते कळायला आधी बाईंबद्दल सांगायला हवं.

बाई म्हणजे इंग्रजीत ‘सोल’ संगीत गाणाऱ्या वेल्सच्या एक गायिका. बाबा पुण्यात मैफली ऐकत वाढलेले, त्यामुळे कुठल्याही मोठ्या गायिकेला ते आदराने ‘बाई’च म्हणत. “आज बाईंचा आवाज काय लागलाय!” असं ऐकून नवीन पाहुण्यांना वाटायचं, आता आतून तानपुरा ऐकू येणार... आणि यायचे ड्रम्स.

इथे परदेशात येऊन डॉक्टरकीची रेसिडेन्सी करताना बाबांनी बाईंची पहिली एलपी घेतली. मग सिंगल्स, कॅसेट्स, सीडीज, ख्रिसमसचा अल्बम... तीच गाणी ‘बेस्ट ऑफ’ म्हणून नव्या कव्हरात आली तरी हा माणूस दुकानात हजर. “अहो, हे सगळं आहे आपल्याकडे!” असं आई म्हणाली की उत्तर ठरलेलं, “मिक्स वेगळं आहे.” म्हणजे गाणं तेच, फक्त आवाजांची जुळणी वेगळी.

या सगळ्यात एक लाइव्ह अल्बम होता. इथल्याच एका थिएटरात तो रेकॉर्ड झाला, तेव्हा आई-बाबा पुढच्या रांगेत होते. एका संथ गाण्यात बाईंनी एक सूर असा काही अलगद सोडला आणि थांबल्या... सगळं थिएटर चिडीचूप.

त्या शांततेत बाबा मोठ्याने म्हणाले, “वा! क्या बात है!”

इकडे लोक गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतात, जागा आली की दाद देत नाहीत, हे बाबांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बाई खुदकन हसल्या आणि पुढची ओळ गायल्या. अल्बम आला, तर त्यात ते सगळं तसंच्या तसं!

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागायचं. वर बाबा आईला चिडवायचे, “तुझाही आवाज आहे त्यात, नीट ऐक.” आई म्हणायची, “काहीतरीच! मी कशाला बोलते एवढ्या लोकांत?”

स्ट्रोकमध्ये बाबांची वाचा गेली. शेवटचं वर्षभर नुसते घशातले आवाज, आणि ते आम्हाला कळले नाहीत की त्यांच्या डोळ्यांत पाणी.

ते गेल्यावर आई एकदा म्हणाली, “मला आता तोच आवाज आठवतो गं. आधीचा कानात येतच नाही.” घरच्या व्हिडिओंमध्ये शोधलं, पण व्हिडिओ काढणारे कायम बाबाच... आणि काढताना ते श्वाससुद्धा रोखून धरत. व्हॉइसमेल त्यांनी जन्मात कधी ठेवला नाही.

मग मला तो लाइव्ह अल्बम आठवला. आई-बाबा लहान घरात राहायला गेले तेव्हा बाबांनी सगळं कलेक्शन लायब्ररीच्या सेलला देऊन टाकलं होतं, ‘आता फोनवर सगळं मिळतं’ म्हणून. माझ्या लेकीने, सईने, फोनवर गाणं लावलं. सूर आला, शांतता आली... आणि थेट पुढची ओळ.

“आजी, दे क्लीन्ड इट अप,” सई हळूच म्हणाली. मधले आवाज पुसून रिमास्टर केलेली आवृत्ती होती ती. मी ऑनलाइन मागवलेली सीडीही त्याच नव्या आवृत्तीची निघाली. आईने ‘राहू दे आता’ म्हटलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

तर शनिवारी... आई डॅशबोर्डवरचा गणपती काढून हातात घेऊन उभी होती. गाडी ट्रकवर चढवायला सोपं जावं म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरने बॅटरीला जम्पर केबल्स लावल्या. इंजिन खोकत खोकत सुरू झालं आणि स्टिरिओतून बाई गायला लागल्या.

त्या लाइव्ह अल्बमची जुनी सीडी गाडीत होती! आम्ही घरभर, इंटरनेटभर शोधत होतो आणि ती इथे... काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आई दार उघडून आत बसली, तिच्या नेहमीच्या जागी, ड्रायव्हर सीटच्या शेजारी. मी स्टिअरिंगपाशी बसून ते गाणं लावलं. ड्रायव्हरला काय कळलं कुणास ठाऊक, त्याने आपल्या ट्रकचं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, “टेक युअर टाइम, मॅम.”

सूर आला. शांतता आली. “वा! क्या बात है!”... बाबा. धडधाकट, खुशीतले, आमचे बाबा.

आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी बारीक, दबलेला एक आवाज आला, “अहो...!”

आईने तोंडावर हात धरला. “खरंच आहे की गं मी,” ती म्हणाली. मग बराच वेळ रडली. “गप्प करत होते मी त्यांना... कशाला केलं? बोलू द्यायचं होतं.”

शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “परत लाव.”

मी परत लावलं. या वेळी ती जागा आली तेव्हा आईने गणपती मांडीवर ठेवला आणि बाबांच्या बरोबरीने, भर ड्राइव्हवेत, खणखणीत आवाजात म्हणाली, “क्या बात है!”

गाडी गेली, सीडी घरी आली. तेव्हा ज्याने बाबांचा आवाज न कापता राहू दिला, त्या कुणा अनोळखी रेकॉर्डिस्टचे आभार कसे मानू... मिक्स खरंच वेगळं होतं, बाबा.