कमलअक्काच्या अंगणातला हातपंप

खानदेशात कोण जाणार, असं प्रयोगशाळेत विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. जानेवारी होता, आणि जानेवारीत तिकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या, काड्यांवर वांगी भाजून भरीत करतात. एवढं कारण मला पुरतं. बाकीच्यांच्या घरी कुणाच्या परीक्षा, कुणाचं दुखणं. मला "परत कधी येणार?" असं विचारणारं कोणी नाही, म्हणून अशी कामं बहुतेक माझ्याकडेच येतात.

काम असं. जिथे कारखान्याचं विष जमिनीत मुरल्याचा संशय असतो, तिथल्या पाण्याचे आणि मातीचे नमुने मी गोळा करते. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझे गड आणि घाट माहीत आहेत, या सहली मी कधी लिहिल्या नाहीत. आजही गावाचं नाव लिहिणार नाही. तिथल्या लोकांनीच हात जोडून सांगितलं, "नाव छापू नका ताई, पोरींची लग्नं व्हायचीत." धुळे आणि अमळनेरच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे.

नाशिकहून धुळ्याची सकाळची एसटी घ्या, म्हणजे दुपारच्या आत पोचता. धुळ्याला अमळनेरची गाडी लागलेलीच असते. खिडकी डावीकडची असो की उजवीकडची, दोन्हीकडे कापूस. मी अमळनेरला स्टँडजवळच्या लॉजवर उतरले. खोली मागच्या बाजूची मागा, पुढच्या खोल्यांत गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. सकाळी बादलीभर गरम पाणी मिळतं. खानावळीत शेवभाजी मागवताना "तिखट कमी" सांगून पाहा, कोणी ऐकत नाही. वाढणाऱ्याने मला विचारलं, "एकट्याच का?" मी मान हलवल्यावर तो समोरची दुसरी थाळी उचलून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशीची पहिली अडचण बर्फाची. नमुने थंड ठेवावे लागतात आणि थंडीच्या दिवसांत बर्फ कोण विकणार? शेवटी मासळीवाल्या बाईने दिला. दिवसभर माझ्या पेटीला बोंबलाचा वास येत होता.

रिक्षा गावाबाहेर थांबली. तिथे एक बंद कारखाना आहे. नळाच्या तोट्या आणि सायकलचे भाग चकचकीत करायचा, क्रोमचा मुलामा चढवून. मालक कुठे गेला, कुणालाच माहीत नाही. मागच्या भिंतीपाशी गंजलेली पिंपं अर्धी मातीत गाडलेली, आणि भिंतीच्या पायथ्याशी जमिनीवर पिवळीधमक पापडी धरलेली. मुलं तिला हळद म्हणतात. त्या भिंतीला लागूनच वस्तीची पहिली गल्ली सुरू होते.

सरपंच सोबत होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. गल्लीतलं पहिलं घर कमलअक्कांचं. वय सत्तरीच्या पुढे, नवरा वारलेला, मुलगी शिरपूरला दिलेली. अंगणात हातपंप. गल्लीतल्या विहिरी आटल्या तेव्हा अक्कांच्या नवऱ्याने तो मारून घेतला होता आणि तेव्हापासून अख्खी गल्ली तिथेच पाणी भरत होती. मी पोचले तेव्हा सात-आठ बायका हंड्यांसकट बसलेल्या. कुणी लसूण सोलत होती, कुणी लेकीच्या उवा काढत होती. पाणी भरून झालेल्यासुद्धा उठायला तयार नव्हत्या.

"ये माय, बठ," अक्का म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला. "पानी ले."

"नको अक्का, माझ्याकडे बाटली आहे."

त्यांचा हात तसाच राहिला. "मन्हा हातनं चालत नही का?"

मी काहीबाही पुटपुटले. तपासणीआधी संशय बोलून दाखवायचा नाही, असा आमचा नियम आहे. एकदा शब्द सुटला की घबराट होते आणि कधीकधी ती खोटी ठरते. पण त्या अंगणात उभी असताना मला त्या नियमाचा राग आला. अक्का तांब्या घेऊन आत गेल्या आणि बायकांनी माझ्याकडे बघणं सोडलं.

पंप आधी बराच वेळ हापसून पाणी सोडून द्यावं लागतं, मग नमुना. कोणी मदतीला उठलं नाही. माझे हात भरून आले तेव्हा मथुरा नावाची एक तरुण बाई आली आणि दांडा हापसू लागली. तिच्या चार वर्षांच्या लेकीच्या बोटांवर चट्टे होते. "दवाखाना करून थकलो," एवढंच ती म्हणाली.

काचेच्या नळीत पाणी घेतलं, पुडीतली भुकटी टाकली. पाणी तसंच राहिलं तर बरं. गुलाबी झालं तर त्यात क्रोमियमचा विषारी प्रकार आहे.

पाणी गुलाबी झालं. फिकट नाही, जत्रेतल्या गुलालासारखं.

अक्का दारातून बघत होत्या. "तूच टाका ना हाऊ रंग?"

मी दुसरी नळी काढली. तिच्यात माझ्या बाटलीतलं पाणी, तीच भुकटी. ते तसंच राहिलं. मग पंपाचं पाणी पुन्हा, आणि पुन्हा गुलाबी. अक्कांनी दोन्ही नळ्या हातात घेऊन उन्हात धरल्या आणि मला परत दिल्या.

दुपारीच कचेरीला फोन केला. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता, पण तोवर कुणी ते पाणी प्यायला नको. तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला आणि नानांनी पंपाच्या दांड्याला साखळी घालून लाल रंग फासला. सगळी गल्ली बघायला जमली होती.

मथुराचा तोल तेव्हा सुटला. लेकीला कडेवर घेऊन ती अक्कांसमोर उभी राहिली. "तूच पाजं ना हाई पानी मन्ही पोरले!"

"मन्हा घरमा बी हाईच पानी शे," अक्का म्हणाल्या. एवढंच. आवाज चढवला नाही.

मी मधे पडले. हा दोष अक्कांचा नाही, चट्टे याच पाण्याने आले असं मी आज सांगू शकत नाही, डॉक्टरच सांगतील. कोणी ऐकत नव्हतं. टँकर शाळेच्या कोपऱ्यावर थांबला होता, हंडे तिकडे निघाले. थोड्या वेळात अंगणात मी आणि अक्का दोघीच उरलो. रोज हापशाचा आवाज असणारी ती जागा इतकी शांत झाली की मागच्या भिंतीवर बसलेल्या कबुतरांचे पंख ऐकू येत होते.

मातीचे नमुने भरून मी निघत होते, तर अक्कांनी थांबवलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ परातीत घेतलं होतं. भिजवायच्या आधी त्यांचा हात थांबला. "तुन्ही बाटली दे," त्या म्हणाल्या.

माझ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवलेली ती भाकरी आणि वांग्याचं भरीत मी त्यांच्या चुलीपाशी बसून खाल्लं. ज्या भरितासाठी आले होते ते हेच. चव सांगता येत नाही, कारण माझं सगळं लक्ष बाटलीत किती पाणी उरलंय याकडे होतं.

प्रयोगशाळेतही क्रोमियमच निघालं. एप्रिलमध्ये मी पुन्हा गेले, माती काढायच्या कामावर देखरेखीला. एप्रिलात खानदेशात हौसेने जाऊ नका. दहानंतर डोक्यावर रुमाल बांधूनही डोळ्यांसमोर अंधारी येते. त्या उन्हात पांढरे झगे आणि मास्क घातलेली माणसं पिंपं उचलत होती, जेसीबी पिवळी माती खरवडत होता आणि ताडपत्रीने झाकलेले ट्रक ती दूरच्या, खास अशाच कचऱ्यासाठी बांधलेल्या जागी नेत होते. खालच्या पाण्याचं काम वेगळं. बोअर पाडून त्यांत औषध सोडायचं, वाट बघायची, पुन्हा तपासायचं.

गावाला दुसरीकडून पाइपलाइन आली होती. टाकी कुठे बसवायची ते ठरायचं होतं. मी नानांना म्हटलं, "अक्कांच्या अंगणात बसवा. पाणी लांबून येतंय, जागा कुठलीही चालेल."

"ताई, तुम्हाले कळतं, लोकांना कळत नाही," नाना म्हणाले. "त्या अंगणात अमृत आणलं तरी कुणी भरायचं नाही. भ्याव बसेल शे." टाकी शाळेपाशी बसली.

अक्का ओट्यावर एकट्या होत्या, हंडा शेजारी. त्यांना आता रांगेत जावं लागत होतं. "लाईनमा हुभं ऱ्हावानं माले ठाऊक नही," त्या हसून म्हणाल्या. मग विचारलं, "हाई पानी कव्हय चांगलं व्हई?"

"बरीच वर्षं लागतील, अक्का."

"मी ऱ्हासू का तवलोंग?"

त्या दिवशी काम संपल्यावर शेवटच्या बसपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिले. रस्त्याने हंडे घेऊन बायका गेल्या. एकदोघींनी मान वळवली, आत कोणी आलं नाही. निघताना अक्कांनी माझा नंबर एका जुन्या कॅलेंडरवर लिहून घेतला.

मी नाशिकला परतले. अहवाल गेला. त्यात अक्कांचा पंप म्हणजे एक आकडा आहे, नाव नाही. माती निघाली, मुलांची हळद गेली, मथुराच्या लेकीवर धुळ्याला नीट उपचार सुरू झाले. काम चांगलं झालं असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे.

गेल्या रविवारी दुपारी फोन आला. अक्का.

"काल मथुरा उनी," त्या म्हणाल्या.

"आली? काही हवं होतं का तिला?"

"नही वं. हांडा नही, कळशी नही. रिकाम्या हातनी उनी. नुसती बठनी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी आठवत बसले, माझ्या दारी शेवटचं असं रिकाम्या हाताने कोण आलं होतं.