शेळ्यांनी दिलेली वाट

दयानंद निपाणीचा. त्याचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. जनावर चार पावलं चाललं की त्याचं दुखणं कुठल्या खुरात आहे हे ते सांगत. ती नजर पोरातही उतरली होती. बेंगळुरूला सर्जापूर रोडवर, मुलांसाठी धडे बनवणाऱ्या एका कंपनीत तो व्हिडिओ जोडायचं काम करायचा. यंदा ‘प्राणी कसे चालतात’ ही छोटी फिल्म त्याच्याकडे आली, तेव्हा तो मनापासून खूश झाला. सरपटणारा साप, तिरका पळणारा खेकडा, डुलत जाणारा उंट, सगळं एकामागोमाग बसवून झालं. राहिला शेळ्यांचा कळप.

“तयार चित्रण विकत घे की,” त्याची वरिष्ठ प्रियदर्शनी म्हणाली. ती इथल्याच जुन्या मराठी घरातली.

“नको. मला खऱ्या पाहिजेत.”

शहराबाहेर, आनेकलच्या पुढे एका तळ्याच्या बांधावर त्याला कस्तुराबाई भेटल्या. शेळ्यांना मराठीत दटावत होत्या, म्हणूनच तो थांबला. ऊन पाठीशी घेऊन त्यानं कॅमेरा लावला, कळप समोरून येऊ दिला आणि संध्याकाळच्या आत परतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं ते चित्रण संथ करून पाहिलं. बांधावर दाटीनं येणाऱ्या शेळ्या मध्येच दोन्हीकडे सरकत होत्या. तेवढ्यापुरती माणूसभर जागा मोकळी व्हायची, मागे मिटायची, पुढे उघडायची. तिथे ना कुत्रं होतं, ना वारा. आणि ती मोकळी जागा चालत होती. एक पाऊल लांब, एक आखूड. दोन पायांची चाल, उजवा फरफटत.

दयानंदनं चित्रण थांबवलं. त्यानं प्रियदर्शनीला हाक मारली.

“कुणाला तरी वाट देतायत,” ती हसून म्हणाली. मग तिनं पुन्हा पाहिलं आणि ती जागेवर जाऊन बसली.

रविवारी बांधावर जाऊन त्यानं कस्तुराबाईंना आपल्या फोनवर ते दाखवलं. त्यांनी पदरानं काच पुसली.

“दत्ता,” त्या म्हणाल्या. “माझा थोरला. उजवा पाय पोलिओनं गेलेला. मागल्या पावसात ह्याच तळ्यात उतरला, तो जिता वर आला नाही.”

“अक्का, भीती नाही वाटत?”

“पोटच्या पोराची कसली भीती? स्वल्प नीट बघून सांगा अण्णा, पाण्याकडे चाललाय का घराकडे?”

त्यानं पुन्हा लावलं. ती जागा पाण्याकडून निघाली होती आणि थेट कॅमेऱ्याकडे येत होती. शेवटी चौकटीच्या खालच्या कडेला दयानंदची स्वतःची सावली होती. शेळ्या अगदी जवळ आल्या, तशी ती सावली अदबीनं बाजूला झाली. आपण तेव्हा हललो होतो हे त्याला काही केल्या आठवेना.

“घराकडे,” तो म्हणाला.

“सरी, बरं,” म्हणत कस्तुराबाई उठल्या आणि भर दुपारीच त्यांनी शेळ्या माघारी वळवल्या.

फिल्ममध्ये शेळ्यांच्या जागी बदकं आली.

कस्तुराबाई मात्र अधूनमधून फोन करतात. आधी पीकपाणी, शेळ्यांची करडं, सगळं सांगून होतं. परवा बोलणं संपता संपता म्हणाल्या, “अण्णा, काल ओट्यापर्यंत आला.”

“बरं, अक्का,” दयानंद म्हणाला.