दहाव्या दिवशी रोह्याला

माझी धाकटी बहीण रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती. चोवीस वर्षांची. सकाळच्या शिफ्टला निघताना खोलीच्या पायरीवर चप्पल घालायला बसली, ती उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. आम्ही तिला पेणला आणून मातीआड केलं.

पप्पा शाळामास्तर आणि चर्चच्या मंडळीतले वडील. प्रभूकडे गेलेल्या माणसासाठी छाती बडवून घ्यायची नसते, हे त्यांनी वर्षानुवर्षं लोकांच्या घरी जाऊन सांगितलेलं. स्वतःच्या घरातही तेच सांगितलं. आईने पदर तोंडात कोंबला. मला पप्पांचा संताप आला, कारण आमच्या घरात तेवढं एकच दुःख नव्हतं.

बहिणीला कंपनीतल्याच एका मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा कोलाडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, हिंदू. गणपतीच्या सुट्टीत तिने विषय काढला. पप्पा "नाही" म्हणाले आणि ताटावरून उठले. त्या नाताळाला ती घरी आली नाही. शिफ्ट आहे म्हणाली. आईने तिच्या वाटणीच्या करंज्या बाजूला काढल्या होत्या, त्या डब्यातच मऊ पडल्या. पुढे महिनाभरात हे असं झालं.

तिची ट्रंक आणायला मी आणि पप्पा एसटीने रोह्याला गेलो. तो कितवा दिवस होता, आमच्या ध्यानातही नव्हतं. आमच्यात ते मोजत नाहीत. पण तिच्या घरमालकीणबाईंनी मोजले होते. म्हातारी विधवा बाई, घरची थोडी भातशेती. आम्ही पोचलो तेव्हा परसातल्या दगडी गडग्यावर केळीच्या पानात भात आणि वालाचं बिरडं वाढून त्या उन्हात उभ्या होत्या.

"मास्तर, आज पोरीचा दहावा हाय ना," त्या म्हणाल्या. "तुमच्यात काय करतात मला नाय ठावं. पण माझ्या दारातून गेली. उपाशी कशी जाऊ देऊ?"

पप्पांना या प्रकाराची नेहमी गंमत वाटायची. देवाकडे निरोप धाडायला कावळाच कसा सापडतो, असं ते पेणच्या शेजाऱ्यांना चिडवायचे आणि शेजारीही हसायचे. आता हे बाईंना काय बोलतील, या धास्तीने मी पुढे झालो. पण पप्पा पानाकडे बघत होते.

"तिला बिरडं आवडायचं," एवढंच ते म्हणाले.

"व्हय तर. सोलायला बसायची माझ्यासंगती." बाईंनी डोळे पुसले. "सकाळपासून कावळे बसलेत, पण शिवत नाय. पोरीचं काय तरी मनात राहिलंय. तुम्ही घरचे. तुम्ही सांगा, पुरं करतो म्हणून."

पेणच्या मंडळीतल्या कोणी तेव्हा पाहिलं असतं तर त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसला नसता. पप्पांनी चपला काढल्या. गडग्याजवळ गेले, हात जोडले आणि वर्गात बोलायचे तशा स्पष्ट आवाजात म्हणाले, "बाळ, तुझ्या लग्नाला माझा होकार आहे."

कावळे फांदीवरच राहिले. पप्पा तसेच उभे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझं काय हाय का रे, बाबा?"

होतं. नाताळानंतर मी तिला भेटायला गेलो, तेव्हा तिने माझा हात धरून सांगितलं होतं, "दादा, तू एकदा पप्पांशी बोल. तुझं ऐकतील." मी हो म्हणालो होतो. मग आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो. खरं सांगायचं तर मला पप्पांची भीती वाटत होती. चांगला तिशीचा घोडा होतो मी. आणि घरात इतके दिवस राग मात्र त्यांच्यावरच काढत होतो.

मी ते सगळं तिथेच बोलून टाकलं. पानाकडे बघत, कारण पप्पांकडे बघवेना.

कावळा शिवला की नाही, ते मला माहीत नाही. पप्पा वळले. रागावले नव्हते, तेच मला जास्त लागलं.

"नाताळापासून वाट बघत होतो मी," ते म्हणाले. "कुणीतरी पुन्हा विचारेल म्हणून."