बीजींच्या आजोबांची कृपाण

इथे विलायतेत, हाउन्सलोच्या गुरुद्वाऱ्यात दर सोमवारी लंगरच्या पोळ्या लाटायला मी जाते. चार बायका लाटायला बसल्या की पोळ्यांसारखी किस्स्यांचीही चळत लागते. फरक एवढाच, की पोळ्या संपतात! त्यातले बरेचसे किस्से बीजींचे. बीजी ऐंशीच्या पुढच्या, अमृत घेतलेल्या, म्हणजे शीख धर्माची दीक्षा घेतलेल्या, त्यामुळे अंगावर कायम छोटी कृपाण. बोलतात पंजाबीत, मी आपलं मराठीत सांगते.

*

सोमवारी माझा उपास. सूर्य मावळल्याशिवाय काही खायचं नाही, आणि इथल्या जूनमध्ये तो मावळायचं नाव घेत नाही! पहिल्याच दिवशी बीजींनी गरम पोळी माझ्या हातावर ठेवली.

"बीजी, माझा देव रागावेल हो."

"तुझा उपाशी ठेवतो, माझा जेवू घालतो. त्यांचं त्यांना भांडू दे, पुत्तर. तू खा!"

मी ती डब्यात घालून घरी नेली, सूर्यास्तानंतर खाल्ली. दोन्हीकडे शांतता!

*

बीजींचे आजोबा इंग्रज सरकारविरुद्ध हत्यार उचललेल्या अकाली जथ्यातले. गावातल्याच कुणीतरी फितुरी केली. पकडले गेले, फासावर गेले, घरच्यांना देहसुद्धा मिळाला नाही. पकडताना काढून घेतलेली त्यांची कृपाण कुणा साहेबाच्या सामानातून इकडे आली. आता ती एका म्युझियममध्ये काचेआड आहे. ती एकदा हातात घ्यावी, कपाळाला लावावी, एवढंच बीजींचं मागणं.

आणि बीजींची नात हरलीन? ती हीथ्रोवर पासपोर्ट तपासते!

बीजी म्हणतात, "आजोबा इंग्रजांना सांगत होते, चालते व्हा. नात त्यांच्याच दारात उभी राहून लोकांना विचारते, किती दिवस राहणार?"

*

काचेखालच्या लेबलवर आजोबांचं नाव बरोबर, गाव बरोबर. पुढे लिहिलंय, 'डाकू'.

हरलीनने तक्रार केली. तिथल्या बाई फार गोड. "सॉरी, पण आम्ही त्या काळातला शब्द तसाच ठेवलाय."

बीजी म्हणाल्या, "मग त्या काळात आम्ही यांना काय म्हणत होतो, तेही शेजारी लिहा!"

हरलीनने हे काही ट्रान्सलेट केलं नाही.

*

पुढच्या खेपेला त्याच बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली, चारदा सॉरी म्हटलं. वस्तू हाताळायची परवानगी कमिटी देते, आणि मिळालीच तर हातमोजे घालावे लागतील. हाताच्या घामानं लोखंड खराब होतं.

बीजींनी चहा संपवला. "काढून घेताना घातले होते का हातमोजे?"

यावर पाचव्यांदा सॉरी!

*

त्या दिवशी मी देवासमोर बोलले, बीजींच्या हाती कृपाण येईपर्यंत साखर सोडली. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली.

"म्हणजे आता आयुष्यभर बिनसाखरेचाच चहा!"

चातुर्मास दोनदा आला नि गेला. कमिटी बसायची, उठायची. मधे बीजींना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. घरी आल्यावर त्या लाटायला बसू लागल्या, पण चार पोळ्या झाल्या की लाटणं माझ्याकडे द्यायच्या. मी म्हणायची, "बीजी, होईल." त्या माझ्याकडे बघून हसायच्या आणि पुढचा गोळा माझ्यापुढे सरकवायच्या.

*

आणि परवानगी आली! आतल्या खोलीत, अर्धा तास, हातमोजे घालून. मी पर्समध्ये पेढ्यांची डबी घेतली. बीजींनी नवी पांढरी ओढणी घेतली. एका हाताला हरलीन, एका हाताला मी, अशा आम्ही निघालो.

दारात सिक्युरिटी. पर्स तपासली, पेढे तपासले. मग तो माणूस बीजींसमोर करडा प्लॅस्टिकचा ट्रे धरून म्हणाला, "मॅडम, ब्लेड आत नेता येणार नाही. इथे ठेवा. जाताना परत मिळेल."

"धर्माची आहे ती! कायद्यानं परवानगी आहे!" हरलीनचा आवाज चढला. तो बिचारा म्हणत राहिला, "सॉरी, इथला रूल आहे." आत फोन केला. आतूनही सॉरीच आलं.

शेवटी हरलीन रडवेली झाली. "बीजी, प्लीज. अर्ध्याच तासाचा प्रश्न आहे. परत देणार म्हणतोय ना तो!"

बीजींनी त्या रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. आतल्या दाराकडे पाहिलं. मग ओढणी सारखी केली आणि माझा हात धरून मागे वळल्या.

"त्याला सांग, पहिली अजून परत आलेली नाही."