फुगवट्यावरची मोरघार

पक्षी बघायला जाणाऱ्यांना पक्षी कमी आणि किस्से जास्त मिळतात, हे मी अनुभवाने सांगतो! नव्वदच्या दशकात दर हिवाळ्यात आम्ही तिघं रविवारी मुळा धरणाच्या फुगवट्यावर जायचो. उत्तरेकडून येणारे ससाणे, घारी बघायला. दुर्बीण तिघांत एकच! भालेराव सर शाळेत चित्रकला शिकवायचे, बबन सुप्याच्या एका कारखान्यात फिटर आणि मी पोस्टात कारकून.

सरांचा नियम कडक. पक्षी दोघांनी पाहिला तरच वहीत नोंद, तीसुद्धा परीक्षा दिल्यासारखी! दोघांनी पाठीला पाठ लावून चिठ्ठीवर वर्णन लिहायचं, मग सर चिठ्ठ्या ताडून बघणार. सगळं बरोबर असलं की मोठ्यानं म्हणणार, "जुळलं!" नाहीतर पक्षी बाद.

*

पहिल्याच वर्षी हरभऱ्यात बसलेला एक ससाणा आम्ही तासभर बघितला. मी आणि बबननं चिठ्ठ्या लिहिल्या. रंग मातकट, मान डावीकडे, अजिबात हलत नाही. "जुळलं!" सर खूश.

बबन जवळून बघायला गेला आणि ससाणा हातात घेऊन परत आला. "सर, ढेकूळ हाय!"

त्या दिवसापासून नियमात भर पडली. उडाल्याशिवाय नोंद नाही.

*

पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर आसपासचे लोक पेरणी करतात. एकदा आम्ही तिथे पालथे पडून दुर्बीण लावलेली, तर तिथे हरभरा पेरणाऱ्या हौसाबाई धावत आल्या. जमीन सरकारी, त्यांना आम्ही मोजणीवाले वाटलो!

"सायेब, आमी काय पेरलं न्हाई! आपोआप उगवलंय!"

समोर हरभऱ्याच्या सरळ ओळी. आम्ही घारी बघायला आलोय हे सरांनी त्यांना दहा मिनिटं समजावलं.

"रविवारचं? घरी बायका न्हाईत व्हय तुमाला?"

मग त्यांनीच ओंजळभर हरभरा दिला. आपोआप उगवलेला!

*

आता मोरघार. पाण्यात सूर मारून मासा उचलणारी. मी पाहिली, बबननं पाहिली, हौसाबाई तर रोज बघायच्या. आम्हा दोघांच्या नावावर वहीत नोंदही झाली. दिसली नाही फक्त सरांना! एकदा ती आली तेव्हा सर चित्रासाठी पेन्सिलीला टोक करत होते. एकदा बाभळीमागे गेले होते. एकदा तर आमच्याकडे तोंड करून "गप्प बसा, पक्षी बुजतात" म्हणून रागावत होते आणि ती त्यांच्या पाठीमागून मासा घेऊन गेली!

"सर, आत्ता हुती!" बबन हळहळला.

"आत्ता हुती, आत्ता हुती! वहीत हेच लिहू का?"

आम्ही हसलो, पण मला वाईट वाटलं. त्या वर्षी मार्चात पक्षी परत जाणार होते. सरही रिटायर होऊन कायमचे पुण्याला, मुलाकडे.

*

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. बबनची ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघंच. मी टेकाडाखाली वाकून स्कूटरच्या डिकीतून चहाचा थर्मास काढत होतो, तेवढ्यात पाण्यात धप्पकन आवाज झाला.

"अरे! अरे!"

मी धावत वर आलो. पाण्यावर नुसती वर्तुळं. आभाळ रिकामं. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मासा घेऊन गेली! तुझ्याच डोक्यावरून! पाहिलीस ना?"

"पाहिली, सर."

"बोलू नकोस! चिठ्ठी!"

पाठीला पाठ लावून आम्ही बसलो. मागे सरांची पेन्सिल थांबायलाच तयार नव्हती. मासा केवढा, कसा धरलेला, गेली कुठल्या दिशेला... मला काय ठाऊक? एक शब्द चुकला तरी सरांची मोरघार बाद! शेवटी मी काहीच लिहिलं नाही. कोरी चिठ्ठी घडी करून दिली.

सरांनी चष्मा पुसला. माझी चिठ्ठी उघडली. उलटून पाहिली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या, वही मांडीवर घेतली आणि अख्ख्या फुगवट्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"जुळलं!"