आत वळवलेलं कमळ

चैत्रातल्या दुपारी गलोंड्याच्या रस्त्यावर तापलेल्या प्लास्टिकचा आणि मोहाच्या फुलांचा वास एकमेकांत असा मिसळतो, की कारखाना कुठे संपला आणि रान कुठे सुरू झालं हे नाकाला सांगता येत नाही. अशाच एका दुपारी मी तिथल्या जुन्या विहिरीच्या दगडी कठड्यापुढे उभा होतो. कंटेनरना वळण पुरत नव्हतं, म्हणून रस्ता रुंद व्हायचा होता. आणि कठडा पाडण्याआधी त्यात जतन करण्याजोगं काही आहे का, हे एका कचेरीने मला विचारलं होतं, कारण सिल्वासाच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवतो आहे. उत्तरपत्रिका तपासून डोळे शिणले होते. कठड्याभोवती एक फेरी मारली, ‘साधे दगड, कोरीवकाम नाही’ असं लिहिलं आणि सही ठोकून मोकळा झालो.

वैशाख सरता सरता पुन्हा तिकडून जाणं झालं, तेव्हा कठडा नव्हता. बहुतेक दगड रस्त्याच्या भरावात गेले होते आणि उरलेल्यांतून धुळ्याकडचा एक गवंडी, आत्माराम, कडेची भिंत रचत होता. त्याच्या पायाशी पडलेल्या दगडावर पूर्ण उमललेलं कमळ होतं. शेजारच्यावर हंसांची अर्धी ओळ. कधीकाळी कुठलंसं देऊळ ढासळलं असेल आणि त्याचे दगड कुणी विहिरीला लावले असतील, हे चटकन उमगलं. पण त्या दुपारी मला हे दिसलं कसं नाही?

“सर, देवना दगड शे हाऊ,” आत्माराम म्हणाला. “त्यानं तोंड भायेर करतस नही, मझार करतस. भायेर ठेवं तर लोकेसना पाय लागस.”

त्याच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या अनाम गवंड्यानेही मान राखण्यासाठीच कमळ आत, कठड्याच्या पोटात वळवलं होतं, आणि मी बाहेरून पाहून घरी गेलो होतो. फार लाज वाटली.

निदान उरलेले दगड वाचावेत म्हणून तसाच कचेरीत गेलो. साहेबांनी पाणी दिलं, पंखा वाढवला, फाइल उघडली. “सर, तुम्हीच लिहून दिलंय ना?” त्यांचा स्वर अगदी सौम्य होता.

भिंतीपाशी परतलो तेव्हा एवढा कमळाचा दगडच लावायचा राहिला होता. “घर लई जा, सर,” आत्माराम म्हणाला. मोह झाला. सामरवरणीच्या माझ्या फ्लॅटमध्ये तो शोभला असता, पाहुण्यांनी कौतुक केलं असतं, आणि माझ्या सहीबद्दल कुणीच विचारलं नसतं. नेमकं तेच मला नको होतं. “तुझ्या पद्धतीनं लाव,” मी म्हणालो, “फक्त तोंडाला सिमेंट लागू देऊ नकोस.” त्याने गोणपाट फाडून कमळावर सुतळीने बांधलं, आजारी माणसाची कूस बदलावी तशा अलगद हाताने दगड वळवला आणि बसवला.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत अर्ज दिला : वळणापासून सातवा दगड, तिसरा थर, आतून पाहावा.

“आतून कसं बघायचं, सर?” पोच देताना कारकुनाने विचारलं.

“भिंत पडेल तेव्हा,” मी म्हणालो. आणि तो दिवस यावा असं मला वाटतं आहे की कधीच येऊ नये, ते जिना उतरतानाही ठरवता आलं नाही.