काळी माती खालीच गेली

कुदळआत्याला खरं नावही होतं, पण ते कुणाला आठवत असेल तर शपथ! टेकडीमागच्या माळावर तिनं वीस वर्षं सोन्याच्या कणांसाठी खड्डे खणले. निघालं ते चिमूटभर, आणि तेही दुसऱ्यांच्या घशात. वस्तीची गुरं चरायची, भाजी पिकायची ती जमीन मात्र गेली.

मग खड्डे बुजवून माळ वस्तीला परत द्यायचं ठरलं. आत्या सगळ्यांच्या आधी हजर. "घाण आपण केली, निस्तरायचीही आपणच," म्हणाली. तिचा हेका एकच. खणताना काळी माती पहिली निघते, म्हणून बुजवताना ती शेवटी पडली पाहिजे. खाली गोटे, मग मुरूम, सगळ्यात वर काळी. खड्डे खणणाऱ्यांना हे सांगावं लागू नये, पण लागलं! तीन वर्षं तिनं काठाकाठाची काळी माती घमेल्यानं वाहून एका बाजूला रचली, पावसानं धुपू नये म्हणून वर गवत पेरलं. लोक दात काढायचे. "आत्या, ढिगाऱ्याला दूधही पाज!"

"पाजीन. तुझी नातवंडं त्याच्यावरच जगणारेत."

लेकीच्या बाळंतपणाला ती आठ दिवस गेली आणि इकडे साहेबांची पाहणी ठरली. मुकादमानं घाईघाईनं मशीन बोलावलं. "काळा ढीग जवळ होता, तोच आधी ढकलला. खड्डा बुजल्याशी मतलब ना?" असल्या माणसापुढे काय कपाळ फोडायचं! तीन वर्षांची माती एका दुपारी तळाला गेली, वर मुरूम अन् गोटे. साहेब सपाट माळ बघून खूश झाले. 'जमीन पूर्ववत' अशी पाटी लागली.

आत्या परत आली, माळ पाहिला आणि कुदळ आणायला घरी गेली. कमरेइतकं खणल्यावर पहिलं काळं ढेकूळ हाती आलं. ते छातीशी धरून ती ढसाढसा रडली.

तेवढ्यात पहारेकरी धावत आला. एके काळी हाच तिच्या शेजारचा खड्डा खणायचा. "आत्या, इथं खणायला बंदी आहे."

"अरे, सोनं नाही, माती काढतेय मी!"

"सगळे हेच सांगतात." त्यानं कुदळ काढून घेतली, वही उघडली आणि अडला. "नाव काय लिहू गं तुझं?"

"वीस वर्षं शेजारी खणलंस की मेल्या! कुदळ घेतलीस ना? आता नुसतं आत्या लिही."

त्यानं तसंच लिहिलं. मग हातातलं ढेकूळही तिला खड्ड्यात टाकायला लावलं, आणि पायानं वर मुरूम लोटला.